डावीकडून खाली उतरणाऱ्या कड्या

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बारक्याचा दात येऊन राहिला म्हणून नाही, तो तर त्याच्या बापासारखा पाय पसरून मस्त झोपला. मी झोपली नाही कारण काल मी "हो" म्हणून बसली.

झालं असं. काल दुपारी एक म्हातारे इथे धुळ्याला आमच्या दारात आले. धोतर, टोपी, पायात पोरांसारखे स्पोर्टचे बूट. खांद्यावर लांब प्लास्टिकचा पाइप, दोन्ही तोंडाला बूच.

"भडगावनी रूपा तूच का वं? कड्या बांधनारी?"

मी म्हटलं हो. पहिला हो. म्हणाले, मी सुकदेव आबा. पाणी प्यायले आणि पाइपातून काठी काढली. मासे धरायची, रीळवाली, सात फुटाची. मूठ बसवलेली होती, कडी मात्र एकही नाही, दोरीचं रीळ पण नाही.

आता हे मलाच वाचायचं आहे तरी लिहिते. लिहिलं की धीर येतो. रॉडवर ज्या कड्या असतात ना, ज्यातून दोरी रीळापासून शेंड्यापर्यंत जाते, त्या चिकटवत नाहीत. दोऱ्याने गुंडाळून बांधतात, वेढ्याला वेढा लागून, मध्ये केसाएवढी फट नाही. ते काम मी लग्नाआधी सहा वर्षं केलं. भडगावला, माझ्या भावाच्या, नवलभाऊच्या दुकानात. गिरणा नदीवर हौसेने मासे धरणारे लोक येतात, डॉक्टर, मास्तर, त्यांच्यासाठी.

आबा म्हणाले, "ह्या सरळ रांगमा नई बांधान्या. फिरवीसन बांधान्या."

म्हणजे पहिली कडी वर, रीळासमोर. पुढची थोडी बाजूला. त्याच्या पुढची अजून खाली. वेल कशी खांबावरून फिरते तशी. मग बाकीच्या सगळ्या पोटाखाली, एका रांगेत. का, तर रीळ वर असतं, दोरी पण वरून गेली तर मोठा मासा ओढायला लागला की काठी हातात पालथी व्हायला बघते. दोरी आधीच पोटाखाली नेली की काठी गप राहते.

"तुले येस का?"

मी म्हटलं, "हो."

दुसरा हो! मी अशी काठी बांधली नाही. बघितली पण नाही. आबांनी कड्यांची तीन पुडकी ठेवली, म्हणाले, "कोनती कडी कोठे, तूच निवड. मालकनी तसंच सांगेल शे. काठी एकच शे, बाहेरदेशथून मागाडेल. सांभाळीसन." मालक म्हणजे ज्याची काठी आहे तो. नाव विचारलं तर आबांना खोकला आला.

ते गेल्यावर मी दार लावून हसत सुटली. एवढी हसली की बारक्या पण हसायला लागला. मग काठी तीन वेळा पाइपात घातली आणि तीन वेळा काढली.

अभिमन, आमचे हे, नरडाण्याहून शिफ्ट करून आले. काठी बघून म्हणाले, "नवलले इचार ना."

विचारू कशी? गेल्या साली ह्याच दिवसात मी सात महिन्यांची होती, माहेरी भडगावला गेली होती. दुकानातल्या प्रत्येक रॉडवर मुठीच्या वर पांढऱ्या पेनाने 'नवल' लिहिलेलं असायचं. मी म्हटलं, खाली बारीक अक्षरात माझं पण लिही. चार गिऱ्हाइकांसमोर हसला. "तू फक्त दोरा गुंडाळस. दोरा गुंडाळनं म्हंजे रॉड बांधनं नई." मी पोटावर हात ठेवला आणि बोलून गेली, "ह्या पोटातल्याची शप्पथ, माझ्या घरातून तुला परत फोन येणार नाही."

लेकराची शपथ. राग उतरला, शपथ उतरली नाही. बारशाला तो आला नाही. बोलावलंच नाही तर येईल कसा. आणि २३ तारखेला, रविवारी, एकविरा देवीला बारक्याचं जाऊळ. मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मामा भडगावला, मांडी पण भडगावला.

जाऊ दे. ही काठी जमली तर मी रॉड बांधणारी. नाही जमली तर नवलभाऊ खरा, मी दोरा गुंडाळणारी. एवढंच आहे. एवढंच आहे म्हणूनच झोप नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्या कड्या चादरीवर मांडल्या. एका पुडक्यात उंच, दोन पायांच्या. एकात बुटक्या, दोन पायांच्या. तिसऱ्यात एका पायाच्या, इवल्या इवल्या. किती सुंदर! आत काळी चकचकीत गोल चकती, बाहेर चांदीसारखी तार. पैंजणाच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. बारक्याने एक तोंडात घातली. बोट घालून काढली. धुतली. देवा, मोजून ठेवल्या.

तेवढ्यात पानबाई काकू आल्या. आमच्या घरमालकीण. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा राजस्थानातून आले, धान्याची पेढी होती, आता नाही. त्यांच्या घरात कांदा-लसूण पण नाही. मी काठी चादरीखाली ढकलली. सात फुटाची काठी कुठे लपते? चादर तंबूसारखी उभी राहिली.

"काय आहे?"

"काठी आहे."

"कसली?"

मला खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात. सांगितलं.

काकू खाली बसल्या. म्हटलं आता खोली सोडायला सांगतील, बारक्याला घेऊन कुठे जाऊ. काकूंनी काठी नाकापर्यंत नेली, वास घेतला. "हिला मासा लागलाय का आजवर?"

"नाही काकू, कोरी आहे."

"मालक मासा खातो?"

"आबा म्हणे, धरतो आणि परत पाण्यात सोडतो."

"मग धरतो कशाला? येडा आहे का?" थोडा विचार केला. "माझ्या घरात मासा येता कामा नये. काठीला माझी मनाई नाही. ही बांगडी कुठे बसणार?"

मग आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत बांगड्या बसवत होतो! मी उंच कड्या रीळाजवळ धरल्या, छान दिसत होत्या, नथीसारख्या. काकू म्हणाल्या, "उंच पायाची बाई वाऱ्यात हलते." खरंच, उंच कडी मुठीजवळ धरली की काठी हातात वळायला बघते. दोरी काठीपासून जितकी लांब तितका तिचा जोर जास्त. म्हणून मुठीकडे बुटक्या, शेंड्याकडे इवल्या. उंच कड्या मी हळहळत पुडक्यात घातल्या. खूप सुंदर होत्या.

मूठ मात्र कोणी चांगली बसवली आहे. जोडाशी पेनसिलीच्या दोन बारीक रेघा, आमच्या नवलभाऊसारख्या. पण हे काम स्वच्छ आहे. नवलभाऊ डिंकाचे डाग कधी पुसत नाही. कोणीतरी फार जपून केलेलं दिसतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कड्या तपासल्या. ह्याला मशीन लागत नाही. आपल्याकडे कापूस काय कमी आहे? काकूंच्या देव्हाऱ्यातली वात मागितली, पिंजून मोकळी केली आणि एकेका कडीच्या आतून फिरवली. चकतीला डोळ्याला न दिसणारी चीर असली तरी कापसाचं तूस अडकतं. त्या चिरेने दोरी कापली जाते आणि मासा गेला. एका कडीत तूस अडकलं. बाजूला काढली. मला इतका आनंद झाला की काकूंना हाक मारून दाखवलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे ही कडी लावली असती तर मासा सुटला असता? मग लाव की!"

नंतर चिकटपट्टीने सगळ्या कड्या काठीवर नुसत्या लावल्या. बांधायच्या आधी असंच करतात, सरकवता येतात. दोरी ओवली. काकूंनी पेढीवरचं जुनं लोखंडी एक किलोचं वजन दिलं. ते दोरीला बांधून काठी गच्चीच्या कठड्यावरून वाकवली.

आणि बघते तर काय, दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीच्या मध्ये दोरी काठीला घासते! वरून खाली वळताना काठीचं अंग मध्ये येतं. दहा वेळा कड्या सरकवल्या. इकडे सोडवलं की तिकडे घासते. रडू आलं. बारक्या झोळीत, मी कठड्याशी, दोघं रडून राहिलो.

मग उठली आणि चहा केला. चहात काही नसतं, पण हात थांबतात.

७ नोव्हेंबर

दात आला!! खालचा. तांदळाच्या कणीएवढा. आज दुसरं काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सुचलं! काल दुपारी पोळ्या लाटताना सुचलं. वळणावर अजून एक बुटकी कडी पाहिजे, अगदी बाजूला, फक्त दोरीला काठीपासून लांब ढकलायला. गर्दीत बारक्याला कडेवर घेऊन मी कोपर कशी बाहेर काढून चालते, तशी कोपरवाली कडी. लावली. वजन टांगलं. दोरी कुठेच घासत नाही! वरून निघाली, उजवीकडून फिरली, पोटाखाली गेली, शेंड्यातून बाहेर. मी गच्चीवर नाचली. समोरच्या घरातल्या बाईने खिडकी लावून घेतली.

आज आबा आले. बघितलं, मान हलवली, पुन्हा हलवली, आणि म्हणाले, "व्वा! पन उलटं व्हयनं."

"काय व्हयनं?"

"मालक डावरा शे. त्यानं रीळ डावखोरं शे. दोरी डावीकडथून खाले उतराले पाहिजे. मी सांगाले इसरनू."

विसरले! डावरे लोक सगळे असेच, स्वतःचं आधी सांगत नाहीत. नवलभाऊ पण डावरा, त्याच्या हातची चहाची कपबशी पण उलटी ठेवलेली असायची.

कड्या उलट्या लावायला अर्धा तास लागतो, त्याचं काही नाही. मी उजवीकडून का फिरवल्या होत्या ते मलाच तेव्हा कळलं. देवाला आपण उजवीकडून फिरतो. वडाला उजवीकडून. उलटं फक्त मसणात फिरतात. आबांना मी 'करते' म्हटलं. पण ते गेल्यावर हात उचलेना. आधीच लेकराच्या नावाची शपथ डोक्यावर, त्यात मी सात फुटाची उलटी प्रदक्षिणा बांधू? बारक्याचा दात आत्ताच आलाय.

काकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लाव तर खरी, बघू."

डोळे अर्धे मिटून लावल्या. मूठ माझ्या हातात, शेंडा काकूंच्या. दोरी ओवली. मी म्हटलं, "बघा काकू, रीळापासून निघाली, डावीकडे गेली, खाली गेली. उलटीच."

काकू शेंड्याकडून बघत होत्या. चष्मा वर केला, खाली केला. "काय बोलते? रीळापासून निघाली, माझ्या उजवीकडे आली, खाली आली. मला तर सुलटीच दिसते!"

"काकू, नीट बघा."

"तू इकडे येऊन बघ."

जागा बदलल्या. सुलटी! परत माझ्या जागी आली. उलटी! पुन्हा तिकडे पळाली. सुलटी! काकू काठीचं टोक धरून खदाखदा हसून राहिल्या, मी काठीभोवती इकडून तिकडे धावून राहिली, बारक्याला वाटलं त्याच्यासाठीच खेळ चालू आहे. माझ्याकडून उलटी, समोरून सुलटी. काठी तीच, कड्या त्याच!

"मासा कोणत्या बाजूला असतो?" काकूंनी विचारलं.

"शेंड्याच्या."

"मग माशाला प्रदक्षिणा सुलटी मिळते. त्या बिचाऱ्याला तेवढं तरी मिळू दे."

जाताना आबांनी बारक्याचा फोटो काढला होता. म्हणे मालकाला दाखवायचा. मालकाला माझ्या पोराचं काय? एकटे असतील बिचारे. "नाक कोनासारखं शे?" असं पण विचारलं. मी म्हटलं, मामासारखं, काय करणार. आबा खूश झाले. कशाला खूश झाले कोण जाणे.

अजून म्हणाले, कोणती कडी कुठे, किती अंतरावर, बठ्ठं, म्हणजे सगळं, लिखी ठेव, उद्या एखादी तुटली तर तशीच लावता येईल. ह्याच वहीत मागच्या पानांवर लिहून राहिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवसात सगळ्या कड्या बांधल्या. लाल दोरा. आबांनी लालच आणला, माझा आवडता, आणि कडेला बारीक पिवळी रेघ काढण्यापुरता पिवळा. पिवळी रेघ मी भडगावला काढायची, इथे कोणाला सांगितलं नव्हतं. चांगली आवड आहे मालकाची.

बोटं विसरली नव्हती. पहिल्या कडीला तास लागला, शेवटच्या तीन एका तासात. वेढे असे बसले की नख फिरवलं तरी आवाज नाही.

दुपारी आबांचा फोन. आबा फोनवर असे ओरडतात की फोन नसता तरी धुळ्याला ऐकू आलं असतं.

"रूपा! मालक सांगस, मुठना वर नाव लिख!"

"कोणाचं? त्यांचं?"

"तुनं वं! बांधनारीनं!"

मला वाटलं चुकून ऐकलं. मागून कोणीतरी हळू आवाजात काही बोललं. मग आबा, "मोठं लिख म्हने! मोठं!"

फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन बसली. सहा वर्षं ज्याच्यासाठी हात झिजवले त्या माणसाने बारीक अक्षर पण दिलं नाही. आणि हा कोण कुठला डावरा, ज्याने मला बघितलं नाही, तो म्हणतो मोठं लिही. परकी माणसं कधी कधी आपल्या माणसांपेक्षा चांगली असतात. नवलभाऊने ह्यांच्याकडून शिकावं.

माझं शिक्षण सातवी. कागदावर चाळीस वेळा 'रूपा' लिहून बघितलं. पांढरं पेन, श्वास धरून, काठीवर लिहिलं. 'पा' चा काना थोडा तिरका गेला. पुसला नाही. तो पण माझाच आहे. फोटो काढून आबांना पाठवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज वरून रसायनाचा लेप. दोऱ्यावर काचेसारखा बसतो, पण वाळेपर्यंत काठी फिरवत राहावं लागतं, नाही तर एका बाजूला ओघळतो. नवलभाऊकडे त्याला मोटर आहे. माझ्याकडे दोन खुर्च्या आणि काकू.

सकाळी नऊपासून दोन वाजेपर्यंत दोघींनी पाळीपाळीने फिरवली. बारक्याचं जेवण आलं की काकू, काकूंचा गुडघा दुखला की मी. घड्याळाकडे बघून काकूंना कंटाळा आला, त्या म्हणाल्या मी मनात नवकार मंत्र म्हणते, एक झाला की पाव फेरी. किती बरोबर बसलं! मधेच थांबल्या. चेहरा पडला. "रूपा, मासे धरायच्या काठीला मी नवकार म्हणते. पाप तर नाही लागणार?"

मी म्हटलं, मला माझ्याच पापांचं कळत नाही.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "नाही. एवढे नवकार ऐकलेल्या काठीला मासा लागणारच नाही बघ." आणि दुप्पट जोराने फिरवायला लागल्या.

मी घाबरली. काठी चांगली झाली पाहिजे ना!

१५ नोव्हेंबर, शनिवार

आबा आले. घाईत लिहून राहिली.

गच्चीवर नेली काठी. आबांनी मालकाचं रीळ लावलं, डावखोरं. वजनं काकूंची. एक किलो, काही नाही. दोन किलो. काठी वाकली, कमान झाली. बारक्याला मी इतका घट्ट धरला की तो ओरडला. आबांनी मूठ ढिली सोडली, एकदम मोकळी. इथेच काठी पालथी होते. इथेच कळतं.

काठी हलली नाही. तळहातावर अशी बसली जशी गाय रवंथ करते. दोरी सरसर कड्यांमधून गेली, घासण्याचा आवाज नाही. आबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. मग बोट 'रूपा' वर ठेवून म्हणाले, "आते समजनं, तो काबरं रडी ऱ्हायंता."

"कोण?"

"कोनी नई. मालक. त्याले फोटो धाडा व्हता मी, परवा. डोयामा कचरा गया म्हने."

एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यात कचरा! आणि पुढच्या तीन काठ्या माझ्याकडेच येणार आहेत. तीन! नाव लिहून! काकूंनी साखर वाटली. आमचे हे कामावर आहेत, त्यांना मेसेज टाकला, बारा तोंडं हसणारी.

आबांच्या गाडीची वेळ झाली. काठी पाइपात घालून राहिले. मापं मागितली तर ती ह्याच वहीत, आणि मागची पानं फाडली तर पुढची सुटतात. उतरवून काढायला वेळ नाही. म्हणून अख्खी वही पाइपात घालते. मालक, मापं मागून उलट्या बाजूने आहेत. पुढचं वाचू नका. वाचलंच असेल तर हसू नका.

आणि वाचलंच असेल तर एक काम करा.

शपथ अशी आहे की माझ्या घरातून फोन जाणार नाही. आमचे हे घरातलेच. काकू पण आता घरातल्याच झाल्या. आबांना सांगितलं असतं पण ते ओरडतात. तुम्ही परके आहात, तुमच्या घरून गेला तर शपथ मोडत नाही, बारक्याला काही होत नाही. मी पाच दिवस विचार करून हे काढलं आहे.

माझ्या भावाला फोन करा. नवल, भडगाव, रॉडचं दुकान. नंबर पुठ्ठ्याच्या आत लिहिला आहे. तो मासे धरणाऱ्यांचं ऐकतो, तुमचं ऐकेल. सांगा, उद्या नाही, पुढच्या रविवारी, २३ तारखेला, सकाळी नऊ वाजता, धुळ्याला एकविरा देवीला बारक्याचं जाऊळ आहे. मांडी त्याचीच पाहिजे. रूपा रागावलेली नाही असं सांगा. थोडी आहे, ते सांगू नका.

तो आधी म्हणेल मला वेळ नाही. मग म्हणेल तिने स्वतः का नाही केला. फोन ठेवू नका. तो बोलायचा थांबला की समजा तो येणार आहे.

आबा हाका मारून राहिले. नाही उचलला तर परत लावा. माझ्या भावाला फोन करा.